पांढरीचं माळवद

१

दुपारची जेवणं झाली, की मी गच्चीत जाऊन शेजारच्या माळवदाचा, म्हणजे मातीच्या छपराचा, एक फोटो काढायचे. ऐकायला येडपटपणा वाटंल, पण ते काम मला सोपवलेलं होतं.

नळदुर्गात आमचं घर स्लॅबचं, वर एक मजला चढवलेला. गच्चीच्या कठड्याला टेकलं की शेजारच्या आयुबभाईंचं छप्पर पुढ्यात ठेवलेल्या परातीसारखं दिसतं. आयुबभाई आणि त्यांची बायको यास्मिन आमचे पंचवीसेक वर्षांचे शेजारी. त्यांची लेक तरन्नुम पुण्यात, जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एका ऑफिसात नोकरीला आहे. बापाच्या घराचं काम तिनं स्वतः हाती घेतलं होतं. सिमेंट कमी, जवळपासचा माल जास्त, आणि कुठला माल कुठनं आला, कसा टिकतोय, ह्याची सगळी नोंद तिला ठेवायची होती. ती यायची शनिवार-रविवारी. मधल्या दिवसांत नव्या मातीला कुठं तडा जातो, कुठं ओल धरते, हे कोण बघणार? तर मला म्हणाली, "काकू, तुमी गच्चीतनं आमच्याकडं बघतच असता. बघता बघता एक फोटो काढत जावा."

यास्मिननं तिच्यावर डोळे वटारले. मला काही राग आला नाही, कारण खरंच आहे ते. कुणाकडं पाहुणे आलेत, कुणाचा सिलेंडर संपलाय, हे गल्लीत मला विचारावं. आमचे मालक वैजनाथराव तर म्हणतात, हरणाबाई, तुला सरकारनं पगार द्यायला पाहिजे.

२

आता हे माळवद आलं कुठनं, ते सांगते.

आयुबभाई मूळचे लोहाऱ्याकडचे. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा ते विशीतले, ट्रकवर क्लीनर होते. त्या पहाटे हैदराबाद रोडला एका ढाब्यावर बाजंवर झोपले होते, म्हणून वाचले. घरी आई-वडील, थोरला भाऊ आणि धाकटी बहीण. जाड दगडी भिंती, वर हातभर मातीचं माळवद. पुढचं सांगायला नको. नवं गाव दुसरीकडं वसलं, जुनं तसंच ढिगाऱ्यात राहिलं. आयुबभाईंनी नळदुर्गात हे दोन खोल्यांचं घर घेतलं आणि राहायला यायच्या आधी त्याच्यावरची माती उतरवून पत्रा टाकला. आमच्या भागात पुष्कळांनी तसं केलं. मातीच्या छताखाली डोळा लागत नाही म्हणायचे. पण पत्र्याखालीही त्यांचा डोळा लागत नव्हताच. कधीही जाग आली की त्यांच्या खाकरण्याचा आवाज भिंतीपलीकडनं यायचा.

मग एका उन्हाळ्यात, पत्र्याखाली भर दुपारी बसले असताना, त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, पाय ओढायला लागला. सोलापूरच्या डॉक्टरांनी यास्मिनला बाजूला घेऊन सांगितलं, ह्यांना उष्णता सोसायची नाही, पुन्हा झटका आला तर अवघड आहे. कूलर आणला. पण आमच्याकडची लाईट तुम्हाला ठाऊक आहे. पुढचा उन्हाळा ह्या माणसाचा गारव्यात गेला पाहिजे, एवढं एकच यास्मिनच्या डोक्यात बसलं.

तरन्नुम म्हणाली, परत माळवद करू. आयुबभाईंनी मान फिरवली. ती त्यांच्या पायाशी बसून बोलत राहिली. भिंती बांधून ठेवणारा पट्टा घालते, पाडलेल्या घरांचं जुनं सागवान आणते, तुळया भक्कम करते. मी दारात भाजी निवडत सगळं ऐकत होते.

"अब्बू, तुमचं घर पडलं ते मातीनं न्हाय, वजनानं," ती म्हणाली. "मी वीतभरच टाकणार."

मग ते म्हणाले, "टाक. पर माती बघून घे."

३

माळवदावर पांढरी माती लागते. पाणी खाली उतरू देत नाही ती. आणि ती शेतात मिळत नाही. जिथं माणसं पिढ्यानपिढ्या राहून गेली, तिथलीच माती पांढरी होते. राख, शेण, चुना, पडलेल्या भिंती, सगळं मुरून मुरून.

गवंडी मल्लेश सीमेकडचा, निम्मं कानडी बोलणारा. त्यानं वेगवेगळ्या गावांच्या पांढरीचे नमुने आणले. तरन्नुमनं पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत एकेक भरला, वर पाणी ओतलं, खळखळून हलवला आणि बाटल्या खिडकीत ओळीनं मांडल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, माती कुठली, किती लांबची, कुणाला विचारून आणली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेले. खाली रेती, वर गाळ, त्याच्यावर नितळ पाणी, थरच्या थर बसलेले. एक बाटली सोडून. ती चहात दूध घातल्यासारखी गढूळच.

आठवडा गेला तरी ती गढूळ. मी यास्मिनला विचारलं, ही बाटली कुणी हलवतं का? ती म्हणाली, ताई, ह्या घरात तुमच्याशिवाय तिला हात लावणारं कोण हाय?

तरन्नुमला मात्र आनंद झाला. म्हणाली, काकू, माती इतकी बारीक आहे की खाली बसतच नाही. पाणी अडवायला अशीच पाहिजे. मग तिनं चिठ्ठीवरच्या गावाच्या नावावर बोट ठेवून मला दाखवलं. माती तिच्या वडिलांच्या जुन्या गावची होती.

तिला वाटलं, योगच आला. पण मल्लेश डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, पांढरी गावकुसाची आणतेत. कुणाच्या घरातली आणत न्हाईत. ज्याचं घर त्याला इचारावं लागतंय."

"मग आमच्याच घराची आणा," तरन्नुम म्हणाली. "मालक आमीच. दुसऱ्या कुणाला विचारायची गरज न्हाय."

बरोबरच होतं की तिचं. मलाही बरोबर वाटलं. अब्बूंना सांगू नका, काम झाल्यावर मीच सांगेन, असं मात्र तिनं बजावलं.

४

सांगायची वेळच आली नाही. तुळया चढल्या, फळ्या बसल्या, त्यावर लिंबाचा पाला आणि चिखल पडला, आणि शेवटी अंगणात पांढरीचं आळं करून त्यात पाणी सोडलं. आयुबभाई खुर्चीवर बसले होते. माती भिजली तशी त्यांनी मान वर केली. उजव्या हातानं मल्लेशला जवळ बोलावलं, त्याच्या घमेल्यातला एक गोळा उचलला आणि नाकाशी धरला.

मी म्हणाले, चांगली हाय ना माती, भाईजान?

ते म्हणाले, "आली म्हनायची."

एवढंच. कुठली, कुणी आणली, काही विचारलं नाही. गोळा हातातच ठेवून बसले. वाळून त्याचा भुगा होईपर्यंत.

माळवद झालं. तरन्नुमनं आतून पांढरं मांजरपाट ताणून बांधलं होतं, धूळ पडू नये म्हणून. बाहेर रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत पाय ठेवला की मातीच्या रांजणात हात घातल्यासारखं गार. पहिल्याच दुपारी आयुबभाई झोपले ते उन्हं कलल्यावर असरच्या अजानला उठले. यास्मिन माझ्या दारात येऊन रडायला लागली. मी चपला घालायला लागले. तर म्हणते कशी, लग्न झाल्यापासून ह्या माणसाला असं झोपलेलं म्या बघितलं नव्हतं, ताई.

५

आठवडाभरानं मला त्या रेघा दिसल्या.

ऊन असं की कुरड्या तासाभरात कडक व्हायच्या. माळवद वाळून पांढरंशुभ्र झालं होतं, आणि त्या पांढऱ्यावर ओलीच्या रेघा होत्या. मला वाटलं, खालच्या तुळया गारवा धरत असतील, त्यांच्या खुणा उमटल्या. पण तुळया सगळ्या एका दिशेनं जातात. ह्या रेघा कोपरा करून वळत होत्या. एक मोठा चौकोन, त्याला लागून एक लहान. एका जागी रेघ तुटलेली, दाराएवढी. लहान चौकोनाच्या कोपऱ्यात एक ठिकाण बाकीच्याहून कोरडं, भाजल्यासारखं पिवळट. त्याच्या समोर एक काळपट ओला गोल, रांजण उचलल्यावर खाली राहतो तसा. बाईमाणसाला चुलीची आणि पाण्याची जागा दाखवावी लागत नाही.

मोठ्या चौकोनात चार ओले पट्टे होते, शेजारी शेजारी. दोन एकाच मापाचे, एक त्यांच्याहून लांब, एक आखूड. आणि दाराजवळ अजून एकाची जागा मोकळी.

मी फोटो काढला. बघितला तर नुसता पांढरा उजेड. पुन्हा काढला, तसाच. तरन्नुमला पाठवला, तर तिनं लगेच लिहिलं, छान वाळतंय काकू, एकसारखं.

मी डोळे धुतले. चष्म्याचा नंबर वाढला असंल. मी सातवी शिकलेली बाई, मला मातीतलं काय कळतं? असं मनाला समजावत मी खाली आले, आणि येताना जिन्याच्या दाराला कडी घातली. आमची गच्ची आमचीच, कडी कशाला घातली ते मला सांगता येणार नाही.

६

दुसऱ्या दिवशी धपाटी केली होती, ती घेऊन मी आयुबभाईंकडं गेले. यास्मिन मागं कपडे वाळत घालत होती. ते बाजंवर पडून वर मांजरपाटाकडं बघत होते.

"वैनी," ते म्हणाले, "वरनं दार कुठल्या अंगाला दिसतं?"

मी कुणालाही सांगितलं नव्हतं. वैजनाथरावांनासुद्धा नाही. हातातली थाळी मी हळूच खाली ठेवली आणि म्हणाले, अंगणातल्या लिंबाच्या अंगाला.

"व्हय. तिकडंच हाय." त्यांनी लिंबाच्या अंगाला मान वळवली. "निजलेत का समदे?"

मी म्हणाले, कोण, भाईजान? तुम्ही काय बोलताय?

ते अर्ध्या तोंडानं हसले. मग त्यांनी मला भावाचं सांगितलं. दाराजवळची जागा आयुबभाईंची होती. तिथं वारं लागतं. थोरला भाऊ, घरात सगळ्यांत उंच, त्या जागेवरनं रोज भांडायचा, तू तर ट्रकवरच असतोस म्हणायचा, मला दे. पण आई देत नव्हती. हा आज ना उद्या घरी येईल, त्याला त्याची जागा लागेल, म्हणून ती तेवढी जमीन मोकळी ठेवायची.

"त्या रातीला बी मोकळीच व्हती," ते म्हणाले.

मी म्हणाले, भाईजान, तुम्ही म्हणत असाल तर मी आत्ता तरन्नुमला फोन लावते. माती उतरवू. दुसरी आणू.

त्यांनी माझा हात धरला. बाईमाणसाचा हात कधी न धरणारा माणूस. "नको वैनी. झोप लागती मला आता."

७

झोप लागायची, ती वाढतच गेली. दुपारची झोप संध्याकाळला टेकायला लागली. यास्मिन आधी खूश होती, मग तिला उठवायला त्रास व्हायला लागला. हाका मारून, खांदा हलवून, तोंडावर पाणी शिंपडून. एकदा तिनं मला बोलावलं. आयुबभाई उताणे झोपले होते. पापण्यांवर, ओठांच्या कडेला बारीक पांढरी धूळ बसली होती. वर मांजरपाट जिथल्या तिथं, कुठं फाटलेलं नाही, डाग नाही. यास्मिननं पदर ओला करून त्यांचं तोंड पुसलं, मग कुठं त्यांनी डोळे उघडले. आणि आम्हाला बघून, खरं सांगते, त्यांना वाईट वाटलं.

मी गच्चीत गेले की आता आधी दाराजवळची जागा बघायचे. ते झोपले की तिथं ओल यायची. पाचवा पट्टा. मग मी कठड्यावरनं ओरडायचे, यास्मिन, भाईजानना उठव, चहा कर. ती उठवायची, आणि मी बघत राहायचे. ओल कडेकडेनं आत वाळत यायची आणि जागा पुन्हा मोकळी व्हायची. उन्हानं वाळते, मी म्हणायचे. दुसरं कशानं वाळणार? पण बाजूचे चार त्याच उन्हात होते.

शनिवारी तरन्नुम आली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही, ते मात्र तिचं चांगलं. शिडी लावून वर गेली, तळहातानं माती दाबून बघितली. ओल आहे म्हणाली. जुन्या घरांच्या मातीत मीठ असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून डाग उठतात. चिखलाचा दुसरा हात द्यावा लागेल, वर चोपून घेतला की बसेल.

मी म्हणाले, बाई, दुसरा हात नको, हीच उतरव. गावकुसाची आण.

"काकू, अब्बूंचं बीपी बघितलं का तुमी? डॉक्टर म्हणाले, गेल्या वर्षीपेक्षा किती सुधारलंय. ऊन अजून पुष्कळ बाकी आहे. आता हे काढलं तर परत पत्राच. मग झटका आला तर कुणाला विचारू मी?"

यास्मिन मधल्या दारात उभी राहून आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत होती.

८

दुसऱ्या हाताच्या दिवशी तरन्नुम पुण्यात होती. काम सुरू व्हायच्या आधीचा एक फोटो तेवढा पाठवा, असा तिचा निरोप होता. मी गच्चीत गेले. मल्लेश आणि त्याचा गडी माळवदावर घमेली चढवत होते. ऊन डोक्यावर. पाचही पट्टे ठळक होते, पाणी शिंपडल्यासारखे. मल्लेश त्यांच्या मधनं वाट काढत चालत होता, हे त्याच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.

वर चोपायला लागले की आत धूळ पडंल, म्हणून मी खाली ओरडले, यास्मिन, भाईजानना उठवून अंगणात आण.

ती आत गेली. तिच्या हाका ऐकू आल्या. मग आवाजच बंद झाला. इतका वेळ, की मी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं.

"उठले, ताई!" ती आतून म्हणाली. "उठले. आणि हे बघा, अवो बघा तरी…"

मी बघत होते. माळवदाकडं. दाराजवळची ओल आता वाळायला पाहिजे होती. ती वाळली नाही. उलट गडद झाली, काठ स्पष्ट झाले. वाळायला लागला तो सगळ्यांत लांब पट्टा. कडेकडेनं आत, आत, आणि शेवटी तिथं इतर मातीसारखीच कोरडी पांढरी माती राहिली.

खाली आयुबभाई दारातनं बाहेर आले. काठीशिवाय. पाय ओढत नव्हते. डावा हात वर करून त्यांनी डोळ्यांवर धरला आणि उन्हात उभे राहिले. यास्मिन त्यांच्या मागं, तोंडावर पदर दाबून, हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

बरी होतात की माणसं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, एकदम फरक पडू शकतो. मी वरनं विचारलं, भाईजान, बरं वाटतंय ना?

त्यानं मागं वळून बघितलं. मी कुणाला विचारतेय ते बघायला. मग वर माझ्याकडं बघितलं आणि थोड्या वेळानं म्हणाला, "व्हय."

मग त्याचं लक्ष माझ्या पलीकडं, मोबाईलच्या टॉवरकडं गेलं. हरखून बघत राहिला. ते काय हाय, असं त्यानं यास्मिनला विचारलं. ती हसून म्हणाली, टॉवर नव्हं का, आपली तरन्नुम शाळेत जायची तवाचा हाय, इसरला का? आणि मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं म्हणाली, डॉक्टर बोललेच व्हते ताई, थोडं इसरल्यासारखं हुईल.

"अक्का," मल्लेश म्हणाला. तो माळवदावर लिंबाच्या अंगाला उभा होता, घमेलं कमरेला टेकवून. "हितं लई वल्लं हाय. ह्याच्यावर टाकू काय?"

मी थांब म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात यास्मिननं वर बघितलं. इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा तसा बघितला नव्हता. पंधरा वर्षांची पोरगी दिसत होती. थांब म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, का? आणि मी काय सांगणार होते? तुझा नवरा तो खाली न्हाय, हा वर हाय?

"टाक की," अंगणातनं तो म्हणाला. आवाज खणखणीत होता. "आन् घट्ट चोप."

मल्लेश अजून माझ्याकडंच बघत होता.

मी म्हणाले, "थांब रे मल्लेश."

"काय झालं, ताई?" यास्मिननं विचारलं. अजून हसतच होती ती.

मल्लेशनं वाट बघितली, मग खांदे उडवले आणि घमेलं उपडं केलं. चिखल पडायच्या आधी ती ओल हलली. उन्हाकडं पाठ करून कुशीवर वळावं, एवढीच. मग वर पांढरं पडलं, आणि दोघं गडी गुडघ्यांवर बसून चोपण्यानं चोपायला लागले. दुसरीकडं खट् खट् वाजायचं. तिथं आवाज दबका येत होता.

"या की ताई खाली," यास्मिन म्हणाली, "चहा टाकते."

लिंबाखालच्या बाजंवर तो बसला होता. तो थोडा सरकला, आणि शेजारची जागा डाव्या हातानं झटकून त्यानं मला दाखवली.